आईची नडगी आणि आलेख-कागदावरचे चौकोन

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कधी मध्यरात्री, कधी पहाटे. पाणी येणार असलं की घरात कुणाचा डोळा लागत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. भोगीच्या पहाटे असंच पाणी आलं. मी आत पाइप धरून उभी, आई बाहेर बादली घेऊन. अंगणातला दिवा गेलेला. ड्रमखालच्या लोखंडी स्टँडचा कोपरा आईच्या डाव्या नडगीला लागला. ती ओरडलीसुद्धा नाही. "बघ गं, पायाला काय तरी ओलं लागतंय," एवढंच म्हणाली. मोबाइलचा उजेड पाडला तर रक्ताचा ओघळ घोट्यापर्यंत आलेला, आणि नडगीवरची कातडी दुधावरची साय चमच्यानं सरकवावी तशी वर गोळा झालेली.

माझी आई ७६ वर्षांची. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन, दिवसाला आठ-आठ दहा-दहा तास एका बैठकीत. वडील यंत्रमागावर होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. भिंगं पुसणं, स्पिरिटचे दिवे भरणं, मुलांसाठी कांद्याच्या पापुद्र्याच्या स्लाइड तयार करणं हे माझं काम. त्या सकाळपासून पुढचे सतरा आठवडे आमचं घर त्या एका जखमेभोवती फिरत होतं. त्यातले पहिले सहा आठवडे आम्ही वाया घालवले. ते का वाया गेले हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर आईच्या वाट्याचं बरंच दुखणं वाचलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी पट्टी शोधेपर्यंत आईनं स्वतःच चिमूटभर हळद दाबून बसवली होती. उजाडल्यावर तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हळद धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गुंडाळलेली कातडी खाली ओढून सात टाके घातले. टाके घालताना दोनदा धागा कातडी कापून सरळ बाहेर आला. मी शेजारी उभी होते, मला ते बघवलं नाही. आई मात्र शांतपणे म्हणाली, "नव्या चादरीला भोक पडलं तर रफू बसतंय. विरलेल्या चादरीत सुई घातली की भोक मोठं होतंय." यंत्रमागवाल्याच्या बायकोचं ते बोलणं मी त्या वेळी कानाआड केलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या तोंडून अगदी तेच ऐकायला मिळालं.

"कोरडी ठेवा, वारं लागू द्या, पाणी लागू देऊ नका" अशी सूचना मिळाली, सोबत वरून भुरभुरायची पांढरी पावडर. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला आई दरवर्षी सिद्धेश्वराला जाते. या वर्षी तिनं खाटेवर बसून घरातल्या घरात अक्षता टाकल्या. आठवड्यानं कातडीच्या त्या तुकड्याची कड जांभळी पडली, मग काळी. दहाव्या दिवशी टाके काढले आणि जखमेनं तोंड उघडलं.

त्याच सुमारास माझ्या भावाचा मुलगा पुण्याहून आला होता. अकरा वर्षांचा. सायकलवरून पडून गुडघा चांगलाच खरचटला. नवव्या-दहाव्या दिवशी खपली पडली, खाली गुलाबी कातडी, आणि पोरगं परत सायकलवर. आई त्याच्या गुडघ्याकडे बघायची आणि मग स्वतःच्या पायाकडे. बोलायची काही नाही.

पावडर आणि जखमेतून पाझरणारी लस मिळून वर घट्ट पापुद्रा धरायचा. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग बदलताना तो निघायचा आणि त्यासोबत खालचं ताजं मांसही. चिकटपट्टी ओढली तेव्हा बाजूची चांगली कातडी सोलली, एका जखमेच्या तीन जखमा झाल्या. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस यायचा, आणि फेस येतोय म्हणजे घाण निघतेय असं आम्हाला वाटायचं. पाचव्या आठवड्यात मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, भरत का नाही? ते म्हणाले, "वय झालंय हो. या वयात असंच असतं." शुगरची शंका होती, तर ती तपासली. नव्हती. मग पुन्हा वयच.

मला राग आला तो तेव्हा नाही, नंतर आला. तेव्हा मला ते पटलंच होतं. वय झालंय म्हटल्यावर पुढं विचारायचं काय?

शाळेतल्या एका शिक्षिकेच्या सासऱ्यांची पायाची जखम एका सर्जन बाईंनी बरी केली होती. सहा आठवडे झाल्यावर त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पट्टी सोडवायच्या आधी आईला उभं केलं, दोन्ही पाय शेजारी शेजारी बघितले. डावा घोटा सुजलेला होता. बोटानं दाबला तर खड्डा पडून राहिला. घोट्याच्या वर कातडी तपकिरी काळपट झालेली. ती मी वर्षानुवर्षं बघत आले होते, आईचा रंगच तसा असं धरून चालले होते. मग त्यांनी पावलावरची नाडी हातानं चाचपली, दंडाचं आणि घोट्याचं रक्तदाब मोजलं, घोट्याशी एक छोटं यंत्र लावून. त्यातून सूं-सूं असा आवाज येत होता. दंडाला १४०, घोट्याला १३०. "घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. ०.९३ येतं. पायात रक्त उतरतंय. आता चढत का नाही ते बघायचं," असं म्हणून त्यांनी मला समजावून सांगितलं. रक्त खाली नेणाऱ्या वाहिन्या ठीक होत्या. वर नेणाऱ्या शिरांच्या झडपा थकल्या होत्या. मांडी घालून बसण्याची चाळीस वर्षं, वर दोन बाळंतपणं. पायात पाणी साचतं, पेशींना प्राणवायू आणि अन्न नीट पोचत नाही, जखम ओलसर पिवळी राहते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ९.२, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही कमी. मग आईला प्रश्न: आजी, जेवता काय? आईनं सांगितलं, सकाळी चहा-खारी, दुपारी कडक भाकरी आमटीत कुस्करून, रात्री अर्धी भाकरी नाहीतर नुसता भात. मिसरी? आई माझ्याकडे बघायला लागली. दिवसातून तीनदा.

"ताई," डॉक्टर मला म्हणाल्या, "वयानं जखम उशिरा भरते, हे खरं. पण वयानं जखम थांबत नाही. थांबली असेल तर दुसरं काहीतरी तिला धरून बसलंय. ते शोधायचं."

हे वाक्य मला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं.

मग केसपेपरच्या मागं त्यांनी दोन रेघा काढल्या, एक नागमोडी, एक जवळजवळ सरळ. नागमोडी रेघ म्हणजे तरुण कातडी. वरचा थर आणि खालचा थर एकमेकांत डोंगर-दऱ्यांसारखे गुंतलेले असतात, त्यामुळे वरचा थर घट्ट धरलेला असतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांशी त्याचा संपर्कही जास्त असतो. वयानुसार ते डोंगर झिजत जातात, रेघ सपाट होते. मग थोडा धक्का बसला तरी वरचा थर खालच्यावरून घसरून सुटतो. आईच्या नडगीवर नेमकं हेच झालं होतं. त्या म्हणाल्या, अशा कातडीला टाके घालण्यापेक्षा तो सुटलेला तुकडा ओलसर करून हलक्या हातानं जागेवर पसरायचा, वर न चिकटणारी जाळी आणि सैल पट्टी. टाके कातडी कापतात. आई माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी कपाटातून तयार स्लाइडची पेटी काढली. माणसाच्या त्वचेचा उभा छेद. वर्षाला दोनदा तरी ती स्लाइड मी मुलांना लावून देते, पण स्वतः निवांत कधी बघितली नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळट वरचा थर, गुलाबी खालचा, आणि मधली ती लाट. किती खोल! वरच्या थराच्या अगदी तळाशी पेशींची दाट ओळ होती. याच पेशी विभागतात आणि वर वर ढकलल्या जातात. चपट्या होतात, मरतात, गळून पडतात. तरुणपणी या साऱ्या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. म्हातारपणी त्याहून बरेच जास्त.

आणि तेव्हा एकदम रेशनचं दुकान आठवलं. गेली कित्येक वर्षं आईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. तेंदूपत्ता आणि दोरा हाताळून बोटं झिजली, असं आम्ही म्हणायचो, आणि विडी कामगार बायकांत ही तक्रार घरोघर आहे. पण बोटावरच्या रेघा तरी काय असतात? वरच्या आणि खालच्या थराच्या त्याच गुंफणीची वर उमटलेली नक्षी. कामानं ती वरून घासली, वयानं कातडी सैल आणि कोरडी पडून पुसट झाली. त्या यंत्राला आईचं वय आमच्याआधी कळलं होतं.

आता पेशींचं. डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि नंतर मी वाचून काढलेलं. जखम झाली की आधी रक्त गोठतं. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात. दोन-तीन दिवसांत दुसऱ्या, मोठ्या भक्षक पेशी येतात. त्या घाण खातात, आणि महत्त्वाचं म्हणजे "आता सफाई झाली, बांधकाम सुरू करा" असा निरोप त्याच देतात. मग खालच्या थरातल्या तंतुजनक पेशी कोलॅजन, म्हणजे कातडीला धरून ठेवणारे धागे, विणायला लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. यालाच आपण मांस भरणं म्हणतो. त्यावरून कडेच्या पेशी सरकत सरकत मध्यभागी येतात आणि जखम झाकतात. वय झालेल्या शरीरात यातली प्रत्येक पायरी होते, पण रेंगाळत होते. निरोप उशिरा जातो. सफाईचा टप्पा लांबतो, आणि तो लांबला की त्या पेशींनी सोडलेली विकरं नव्यानं विणलेलं कोलॅजनच कुरतडायला लागतात. आईच्या जखमेवरचा पिवळा चिकट थर हा त्या लांबलेल्या सफाईचाच पुरावा होता.

तंतुजनक पेशींना मर्यादाही असते. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर साधारण ५० वेळा विभागतात आणि थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना जी आवरणं असतात ती दर विभाजनात थोडी थोडी आखूड होतात, हे त्यामागचं एक कारण; त्या आवरणांवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. थांबलेल्या पेशी मरत नाहीत. कातडीतच बसून राहतात आणि आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. वय वाढतं तशी त्यांची संख्याही वाढत जाते. पण त्यांना नुसतं वाईट म्हणताही येत नाही. २०१४ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की ताज्या जखमेत अशा पेशी थोड्या दिवसांसाठी मुद्दाम तयार होतात आणि जखम भरायला मदत करतात. त्या काढून टाकल्या तर जखम उशिरा भरली. आल्या, काम केलं, गेल्या तर उपयोगी. ठाण मांडून बसल्या तर अपाय. हे वाचून मला खूप वेळ काही सुचलं नाही. निसर्गानं किती बारीक हिशेब ठेवलाय!

उपचार सुरू झाले. पहिल्या दिवशी बधिर करणारी जेली लावून डॉक्टरांनी पिवळा थर खरवडून काढला. आईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. नंतर घरी दिवसाआड ड्रेसिंग. सलाइनच्या पाण्यानं धुवायचं, बाकी काही ओतायचं नाही. पेरॉक्साइडचा तो फेस जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतो, हे तिथं कळलं. पाच आठवडे मी माझ्या हातानं ते ओतत होते. मग तेलकट जाळी, वर लस शोषणारी गादी, आणि चिकटपट्टी कुठंही नाही. सगळं कापडी बँडेजनं धरलेलं.

कोरडी ठेवायची नाही, हे पचायला मला सगळ्यात जड गेलं. लहानपणापासून ऐकलेलं, वारं लागलं की सुकते, सुकली की भरते. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांच्या पाठीवर छोट्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ फिल्म लावली. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. कारण सोपं आहे. कडेच्या पेशींना सरकायला ओल लागते. वर कडक खपली असली तर त्यांना तिच्या खालून, खोलातून वाट काढत जावं लागतं. तरुण शरीर तेवढं झेपवतं. आईच्या पेशींना आम्ही वाळलेल्या ओढ्यातून चालायला लावलं होतं. त्या प्रयोगाला साठ वर्षं होऊन गेली तरी आमच्या गल्लीत आजही "वारं लागू दे"च चालतं.

खरा इलाज मात्र दाबाचं बँडेज होतं. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी, सूज चढायच्या आत, बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत गुंडाळायचं. खाली घट्ट, वर येताना जरा सैल. नर्सताईंनी माझ्याकडून तीनदा करवून घेतलं. एक गोष्ट इथं आवर्जून लिहिते: नाडी आणि घोट्याचा दाब तपासल्याशिवाय असं बँडेज कुणीही बांधू नये. पायात उतरणारं रक्तच कमी असेल तर त्या दाबानं पाय काळा पडू शकतो. आईचा आकडा ०.८ च्या वर होता म्हणून ते चाललं.

जेवणाचा हिशेब मी वहीत मांडला. आईचं वजन ४८ किलो. जखम भरताना किलोमागे सव्वा ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, म्हणजे रोज ६० ग्रॅम. ती खात होती त्याची बेरीज जेमतेम तीस भरली. कोलॅजन हे प्रथिनच. सूतच नाही तर माग काय विणणार? मग सकाळी एक उकडलेलं अंडं, संध्याकाळी एक, सोमवार सोडून. दोन वेळा पेलाभर दूध. आमटी पातळ नाही, घट्ट वरण. आणि शेंगदाण्याची चटणी. सोलापूरच्या माणसाला चटणी खा म्हणून सांगावं लागत नाही, पण दात गेल्यामुळे आईनं ती सोडली होती. मी ती दह्यात कालवून दिली. मूठभर दाण्यात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजनची वीण पक्की होत नाही, म्हणून पेरू, लिंबू, रोज काहीतरी. लोहाच्या गोळ्या वेगळ्या.

मिसरीचं भांडण वेगळं झालं. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मी जन्मभर तंबाखूतच बसले की गं." मी उत्तर दिलं नाही. जिनं त्या तंबाखूवर मला शिकवलं तिला मी काय सांगणार? तिसऱ्या आठवड्यात तिनं आपणहून डबी माझ्या हातात दिली. परत मागितली नाही.

आता ते चौकोन. डॉक्टर दर भेटीत पट्टीनं लांबी-रुंदी मोजायच्या. मी म्हटलं, मी क्षेत्रफळ मोजते. शाळेत पानाचं क्षेत्रफळ काढतो तसं. पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर जखमेवर धरायचे, वरच्यावर मार्करनं कड गिरवायची, खालचा टाकून द्यायचा, वरचा आलेख-कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला धरायचा, कमी भरलेला सोडायचा. डॉक्टर म्हणाल्या, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काँपियेन्यच्या लष्करी रुग्णालयात अलेक्सिस कारेल आणि पिएर लकोंत द्यु नुई हेच करत होते. सैनिकांच्या जखमा पारदर्शक कागदावर गिरवायच्या, क्षेत्रफळ काढायचं, भरण्याचा वेग मांडायचा. वय वाढतं तसा वेग कमी होतो, हे तिथं आकड्यांत मांडलं गेलं. मला माझ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

पहिलं माप साडेनऊ चौरस सेंटिमीटर. आठवड्यानं पावणेदहा. मी घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, मेलेला भाग काढला म्हणून कड मोठी दिसते, थांबा. दुसऱ्या आठवड्यात साडेआठ. तिसऱ्यात सात. चौथ्यात सव्वापाच. चार आठवड्यांत ४० टक्के कमी झाली तर शिरांच्या अशा जखमा बहुधा भरतात, हा ठोकताळा त्यांनी आधी सांगून ठेवला होता. मी भागाकार दोनदा केला, जवळजवळ ४५ टक्के. त्या दिवशी प्रयोगशाळेत एकटीच होते, टेबलावर डोकं ठेवून रडले.

पिवळ्याच्या जागी लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं होतं. डाळिंबाचे दाणे असावेत तसं. हात लागला की लगेच रक्त येणारं. आणि कडेनं एक फिकट, दुधी-गुलाबी पट्टी. ती पट्टी म्हणजेच सरकणाऱ्या पेशी. रोज भिंग घेऊन मी ती बघायची. आईला दाखवायला आरसा धरायची. सुरुवातीला ती तोंड फिरवायची, नंतर स्वतः विचारायला लागली, "आज कुठवर आली गं?"

मग उन्हाळा. एप्रिलमध्ये सोलापूर काय असतं ते सांगून कळत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस अंश, पत्रा तापलेला, आणि पायाला गुडघ्यापर्यंत चार पदरी बँडेज. आई रात्री रात्री बसून असायची. त्यात नात्यातलं लग्न निघालं. तिनं चार दिवस बँडेज काढून ठेवलं आणि खुर्चीवर पाय सोडून बसली. सहाव्या आठवड्यात साडेतीन चौकोन होते, सातव्यातही साडेतीन. वय तेच होतं, पेशी त्याच होत्या, पण सूज परत आली होती. मी चिडले नाही, आलेख तिच्यापुढं ठेवला. खाली खाली येणारी रेघ आणि मधेच आडवी झालेली. आईनं बोट ठेवून विचारलं, "हे लग्न?" मी म्हटलं, होय. त्या दिवसापासून तीच सकाळी हाक मारायला लागली, बांध म्हणून. दुपारी आम्ही वडिलांच्या कारखान्यातले जुने टॉवेल ओले करून खिडकीला लावायचो आणि ती पाय उशांवर, छातीच्या वर येईल असे ठेवून पडायची.

अडीच. दीड. अर्धा. अकराव्या आठवड्यात, मेच्या मध्यात, गिरवायला काही उरलं नाही.

जखम भरली म्हणजे काम संपलं असं नसतं. आत्ता तिथं जी कातडी आहे ती चकचकीत, गुलाबी, कागदासारखी पातळ आहे. घाईत विणलेलं कोलॅजन काढून त्याच्या जागी मजबूत कोलॅजन बसवण्याचं काम आत अजून चालू आहे, ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. तरीही वणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून दिवसा दाबाचा मोजा कायमचा आणि दोन्ही पायांना सकाळ-संध्याकाळ मलम. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत दिवसातून दोनदा मलम लावल्यावर कातडी सोलण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. म्हाताऱ्या कातडीत स्निग्धपणा कमी असतो, कोरडी पडली की ती लवकर फाटते. इतकी साधी गोष्ट, आणि ७६ वर्षांत आईच्या पायाला सणासुदीला सोडून कुणी तेल लावलं नव्हतं. सगळं तेल आमच्या डोक्यांवर गेलं.

पहिल्या दवाखान्यात मी परत गेले. भांडायला नाही. आलेखाची झेरॉक्स घेऊन गेले होते. डॉक्टरांनी ती नीट बघितली, घोट्याचा दाब कुठं मोजून मिळतो ते विचारलं, आणि सर्जन बाईंचा पत्ता लिहून घेतला.

ड्रमच्या स्टँडला मी जुना रबरी पाइप उभा चिरून बसवलाय, चारही बाजूंनी, तारेनं बांधून. अंगणात दिवा लावलाय. आईला बादली उचलायची नाही असं सांगितलंय, ते ती ऐकत नाही. पण पाण्याची चाहूल लागली की आधी दोन्ही नडग्यांना टॉवेल गुंडाळते, नाडीनं बांधते, आणि मग मला हाक मारते.